पावणेतीन किलोमीटर, दोन मिनिटं

लोगनएअर या स्कॉटिश विमान कंपनीच्या वेळापत्रकात वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे या प्रवासासमोर दोन मिनिटं एवढाच वेळ दिलेला असतो. दोन बेटांवरच्या दोन धावपट्ट्यांमधलं अंतर साधारण २.७ किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या मरीन ड्राइव्हच्या लांबीपेक्षाही कमी. ठरलेल्या वेळापत्रकाने चालणारं याहून आखूड प्रवासी उड्डाण जगात नाही आणि गिनेसच्या विक्रमांमध्ये त्याची तशी नोंद आहे. वारा पाठीशी असला आणि दोन्हीकडच्या धावपट्ट्यांची दिशा जुळली, की दोन मिनिटंही लागत नाहीत. स्टुअर्ट लिंकलेटर या वैमानिकाने हे अंतर एकदा ५३ सेकंदांत कापलं. २०१३ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी या मार्गावर बारा हजारांहून अधिक उड्डाणं केली होती.

अंतराला वेगाने भागलं की वेळ मिळतो, हे शाळेतलं गणित इथे चालत नाही. या मार्गावरचं आयलँडर विमान एरवी ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाने उडतं. त्या हिशेबाने पावणेतीन किलोमीटरला चाळीस सेकंद पुरायला हवेत. पण विमान थांबलेल्या जागेवरून वेग घेतं, जमीन सोडतं आणि जेमतेम काहीशे फूट वर जातं न जातं तोच उतरायची तयारी सुरू होते. ५३ सेकंदांच्या विक्रमी फेरीचा सरासरी वेगसुद्धा ताशी १८३ किलोमीटरच्या पुढे जात नाही. वारा आडवा असेल तर वळसा घालून दुसऱ्या बाजूने उतरावं लागतं आणि तेवढ्यानेही वेळ वाढतो. मुंबई-दिल्लीच्या प्रवासात चढण्या-उतरण्याची ही मिनिटं कुणाच्या लक्षातही येत नाहीत. वेस्ट्रेहून निघालेल्या माणसाचा सगळा प्रवासच तेवढ्या मिनिटांचा असतो.

जगभरातून हौशी प्रवासी या उड्डाणासाठी येतात, घड्याळ लावून बसतात, प्रमाणपत्र घेऊन परत जातात. त्यांचा आनंद खरा आहे. पण ही दोन बेटं एकमेकांना जोडावीत म्हणून हा मार्ग कुणी आखलेला नाही. ऑर्कनी बेटांवरच्या कर्कवॉल या मुख्य गावाहून निघालेलं विमान उत्तरेकडच्या बेटांना फेरी घालतं, आणि या फेरीत शेजारशेजारच्या दोन बेटांमधला हा एक तुकडा आपोआप तयार होतो. विक्रम त्या तुकड्याच्या नावावर लागला. इतिहास मात्र सगळ्या फेरीचा आहे, आणि तो १९३० च्या दशकापर्यंत मागे जातो.

ऑर्कनी हा स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडचा द्वीपसमूह. मुख्य भूमीपासून तो फार दूर नाही. सर्वांत जवळच्या ठिकाणी अंतर सोळा किलोमीटरच्या आसपास. अडचण अंतराची कधीच नव्हती. मधली पेंटलंड फर्थ ही सामुद्रधुनी म्हणजे अटलांटिक महासागर आणि उत्तर समुद्र यांच्यातली अरुंद वाट. भरती-ओहोटीचं पाणी तिच्यातून एवढ्या जोराने धावतं की जगातल्या सर्वांत तेज प्रवाहांत तिची गणना होते. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरच्या इनव्हर्नेसहून निघालेल्या माणसाला आधी आगगाडीने उत्तरेचं टोक गाठायचं, मग बोटीने ही सामुद्रधुनी ओलांडायची, यात अख्खा दिवस जाई. हवा बिघडली तर बोट सुटेपर्यंत बंदरावर बसून राहायचं. आणि कर्कवॉलला पोचल्यावरही उत्तरेकडच्या बेटावर जायचं असेल तर पुढे आणखी एक बोट होतीच.

अर्नेस्ट एडमंड फ्रेसन इथे पहिल्यांदा आले ते हवेत फेरी मारून आणणारे वैमानिक म्हणून. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये असे बरेच वैमानिक होते. एखाद्या गावाबाहेरच्या कुरणावर उतरायचं आणि काही शिलिंग घेऊन लोकांना आकाशातून त्यांचं गाव दाखवायचं, हा त्यांचा धंदा. १९३१ साली फ्रेसन ऑर्कनीत आले. समुद्र आणि बोटी पाहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की इथल्या लोकांना मौजेच्या फेरीपेक्षा रोजच्या वाटेची जास्त गरज आहे. त्यांनी हायलंड एअरवेज ही कंपनी काढली आणि ८ मे १९३३ रोजी इनव्हर्नेस–विक–कर्कवॉल ही नियमित सेवा सुरू केली. दोन इंजिनांचं छोटं मोनोस्पार विमान, कर्कवॉलजवळ वाइडफर्डच्या शेतातली गवताळ पट्टी, आणि ‘द स्कॉट्समन’ या वृत्तपत्राचे गठ्ठे. दिवसभराचा प्रवास दीड तासाच्या आसपास आला आणि एडिंबरात छापलेला पेपर ऑर्कनीच्या लोकांना त्याच दिवशी वाचायला मिळू लागला.

पुढचं पाऊल टपालाचं होतं आणि तेच जास्त महत्त्वाचं ठरलं. तोवर विमानाने पत्र पाठवायचं तर जादा पैसे मोजावे लागत. २९ मे १९३४ रोजी इनव्हर्नेस–कर्कवॉल मार्गावर ब्रिटनमधली पहिली अशी देशांतर्गत हवाई टपालसेवा सुरू झाली, जिच्यात साध्या पत्राच्या दीड पेनी दरातच पत्र विमानाने जाऊ लागलं. टपाल खात्याने हे मान्य केलं, कारण विमान रोज वेळेवर येतं हे फ्रेसन यांनी वर्षभर दाखवून दिलं होतं. हवाई टपाल ही श्रीमंतांची चैन होती. ऑर्कनीच्या शेतकऱ्यासाठी ती त्या दिवशी साधी पोस्टाची गोष्ट झाली.

नेमक्या याच वर्षांत आपल्याकडेही हवाई टपालाची घडी बसत होती. लहान अंतराचा आणि टपालाचा संबंध तर भारतात त्याहून जुना आहे: १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादला हेन्री पेके या फ्रेंच वैमानिकाने साडेसहा हजारांच्या आसपास पत्रं घेऊन यमुनापार नैनी गाठलं, अंतर सुमारे दहा किलोमीटर, वेळ तेरा मिनिटं. नियमित सेवा यायला मात्र १९३२ साल उजाडलं. १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा पस मॉथ विमानातून कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून विमानापर्यंत आणले होते. पावसाळ्यात जुहूच्या मैदानात चिखल होई, तेव्हा टाटांची सेवा पुण्याहून चाले. जुहू आणि वाइडफर्ड यांच्यात हजारो मैलांचं अंतर, तरी दोन्हीकडच्या अडचणी एकाच जातीच्या होत्या: ओली जमीन, अवेळी येणारं धुकं किंवा पाऊस, आणि टपाल खात्याचा विश्वास मिळवायची धडपड.

ऑगस्ट १९३४ मध्ये फ्रेसन यांनी ऑर्कनीतल्या बेटाबेटांमधली विमानसेवा सुरू केली. दोन मिनिटांच्या उड्डाणाचं मूळ इथे आहे. त्यासाठी त्यांनी स्वतः बेटांवर फिरून उतरण्याजोगी कुरणं हेरली. विमानतळ म्हणजे शेतकऱ्याने वापरायला दिलेली सपाट गवताळ जमीन. ना इमारत, ना मनोरा. वाऱ्याची दिशा पाहायची आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर उतरायचं. जिथे डॉक्टर पोचायला समुद्र शांत व्हायची वाट बघावी लागे, तिथे विमान काही मिनिटांत जाऊ लागलं. याच सुमाराला अ‍ॅबर्डीनचे एरिक गँडर डावर हेही आपली विमानं ऑर्कनीपर्यंत आणू लागले आणि दोघांत चांगलीच चुरस लागली. काही हजार माणसांच्या द्वीपसमूहासाठी दोन विमान कंपन्या भांडत होत्या, यावरून इथली निकड कळते.

मग युद्ध आलं. ऑर्कनीतलं स्कापा फ्लो हे ब्रिटिश आरमाराचं मोठं बंदर. १४ ऑक्टोबर १९३९ च्या पहाटे जर्मन पाणबुडीने तिथे शिरून रॉयल ओक ही युद्धनौका बुडवली, त्यात आठशेहून अधिक माणसं गेली. आरमाराला विमानतळ हवा होता. फ्रेसन यांनी आरमाराला सांगितलं, की या ओल्या हवेत गवताच्या धावपट्ट्यांचा हिवाळ्यात चिखल होईल, त्या डांबरी करा. त्यांच्या सल्ल्याने बांधलेल्या हॅटस्टनच्या धावपट्ट्या ब्रिटनमधल्या पहिल्या डांबरी धावपट्ट्यांपैकी होत. बेटाबेटांमधली सेवा मात्र युद्धात बंद पडली.

युद्ध संपलं तरी ती सुरू झाली नाही. १९४७ मध्ये ब्रिटनने विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं, फ्रेसन यांची कंपनी ब्रिटिश युरोपियन एअरवेजमध्ये विलीन झाली आणि १९४८ मध्ये फ्रेसन यांनाच नोकरीतून काढून टाकण्यात आलं. ज्या माणसाने एकेक कुरण शोधून हे जाळं विणलं, त्यालाच त्यात जागा उरली नाही. भारतातही १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं आणि १९७८ मध्ये जेआरडींना एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून दूर केलं गेलं. पण त्यांना मधे पंचवीस वर्षं मिळाली. फ्रेसन यांना वर्षभरच मिळालं. राष्ट्रीय कंपनीला मोठ्या शहरांमधले मार्ग सांभाळायचे होते. नव्वद-शंभर माणसांच्या बेटावर विमान उतरवायचं कारण तिच्या हिशेबात बसत नव्हतं. बेटं पुन्हा बोटींवर आली आणि तब्बल २८ वर्षं तशीच राहिली. फ्रेसन १९६३ मध्ये वारले.

सेवा परत आली ती एका बांधकाम व्यावसायिकाच्या विमानांमधून. विली लोगन हे पूल आणि रस्ते बांधणारे कंत्राटदार. डंडीजवळ टे नदीवरच्या रस्तापुलाचं काम त्यांच्याकडे होतं आणि माणसांना कामावर ने-आण करायला त्यांना विमान लागे. त्यातून १९६२ मध्ये लोगनएअर जन्मली. जानेवारी १९६६ मध्ये इनव्हर्नेसजवळच्या क्रेग डुनेन टेकडीवर विमान कोसळून लोगन यांचा मृत्यू झाला. त्यांचा पूल त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये वाहतुकीला खुला झाला. त्यांच्या कंपनीचं सर्वांत टिकाऊ काम त्यानंतर वर्षाने सुरू व्हायचं होतं.

त्यासाठी योग्य विमान लागणार होतं आणि ते नेमकं तेव्हाच तयार झालं. आइल ऑफ वाइटवरच्या बेंब्रिजला जॉन ब्रिटन आणि डेझमंड नॉर्मन या दोघांनी आयलँडर बनवलं. त्याचं पहिलं उड्डाण १३ जून १९६५ ला झालं. कॅमेरूनमधल्या एका छोट्या विमान कंपनीत या दोघांचा हिस्सा होता. कमी पैशांत चालणारं, खडबडीत जमिनीवर उतरणारं, दुरुस्तीला सोपं विमान बाजारात नाही, हे त्यांना तिथे जाणवलं होतं. दोन पिस्टन इंजिनं, वरच्या बाजूला बसवलेले रुंद पंख, आत न घेता येणारी भक्कम चाकं. विमानाच्या पोटात मधून चालायला जागाच ठेवलेली नाही. प्रत्येक रांगेत बाहेरच्या दारातून थेट शिरायचं. हे विमान पुढे भारतीय नौदलानेही घेतलं आणि १९७६ पासून कोचीहून व पुढे अंदमानातून वापरलं.

सप्टेंबर १९६७ मध्ये लोगनएअरने ऑर्कनीच्या बेटांवर आयलँडर उडवायला सुरुवात केली, आणि वेस्ट्रे–पापा वेस्ट्रे हा तुकडा वेळापत्रकात आला. फ्रेसन यांच्या आठवणींचं पुस्तकही त्याच वर्षी छापून आलं. त्यांची हवाई फेरी पुन्हा सुरू झाली, तेव्हा ते हयात नव्हते.

कर्कवॉलच्या विमानतळावर आज उत्तर बेटांचा प्रवासी विमानापर्यंत चालत जातो. कोण कुठे बसायचं हे वजन पाहून ठरतं, कारण एवढ्या लहान विमानात तोल राखायला तेच महत्त्वाचं. वैमानिक एकटाच असतो. पहिला प्रवासी त्याच्या शेजारी, समोर सगळी यंत्रं दिसतील अशा जागी बसतो. हवाई सुंदरी नाही, स्वच्छतागृह नाही. सुरक्षेच्या सूचना वैमानिकच मागे वळून देतो. इंजिनांच्या घरघरीत बोलणं ऐकू येत नाही. पंधरा-वीस मिनिटांत वेस्ट्रे येतं, एक-दोघे उतरतात, एक-दोघे चढतात, दार लागतं. मग पापा वेस्ट्रेच्या दिशेने खाली निळं-करडं पाणी, डावी-उजवीकडे दोन्ही बेटांचे किनारे एकाच वेळी दिसतात आणि चाकं पुन्हा जमिनीला लागतात. धावपट्टी पाचशे मीटरच्या आतबाहेर. अग्निशमनाचा गणवेश घालून उभा असलेला माणूस बेटावरचाच असतो, विमान गेलं की तो आपल्या दुसऱ्या कामाला लागतो.

या विमानाने कोण जातं, हे पाहिलं की सेवेचा अर्थ कळतो. कर्कवॉलच्या रुग्णालयात तपासणीसाठी निघालेली म्हातारी माणसं. छोट्या शाळांमध्ये संगीत आणि चित्रकला शिकवायला बेटाबेटांवर फिरणारे शिक्षक. जनावरांचे डॉक्टर, वीज दुरुस्त करणारे. एका बँकेच्या अधिकारी बाई बेटांवर बँकेचं काम पोचवायला वर्षानुवर्षं असा प्रवास करत राहिल्या आणि त्यांच्या उड्डाणांचा आकडा दहा हजारांवर गेला. हा आकडा ५३ सेकंदांच्या विक्रमापेक्षा खूप काही सांगतो.

पापा वेस्ट्रेला स्थानिक लोक पॅपे म्हणतात. क्षेत्रफळ नऊ चौरस किलोमीटर. युरोपच्या उत्तर भागात अजून उभी असलेली सर्वांत जुनी दगडी घरं इथेच आहेत, नॅप ऑफ हॉवर या ठिकाणी. ख्रिस्तपूर्व ३७०० च्या सुमारास तिथे शेतकरी राहत होते. उडता न येणाऱ्या ग्रेट ऑक पक्ष्याची ब्रिटनमधली शेवटची वीण होती ती या बेटाच्या कड्यावर, आणि शेवटच्या पक्ष्यांपैकी एक १८१३ मध्ये संग्रहासाठी मारला गेला. माणसांचीही संख्या असाच तळ गाठेल अशी भीती होती. २००१ च्या जनगणनेत पॅपेवर ६५ माणसं होती. २०११ मध्ये ती ९० झाली. बेटावरचं दुकान आणि मुक्कामाची जागा लोकांची सहकारी संस्था चालवते. विमानामुळेच लोकसंख्या वाढली असं म्हणणं जास्तीचं होईल. पण दवाखाना, शाळा आणि कर्कवॉलचा बाजार एका दिवसात करून परत घरी येता आलं नसतं, तर तरुण जोडप्यांनी इथे राहायचं ठरवणं अवघडच होतं.

ही सेवा तिकिटांच्या पैशांवर चालत नाही. ऑर्कनीची स्थानिक परिषद ती सार्वजनिक जबाबदारी म्हणून चालवून घेते आणि तूट भरते. बेटांवरच्या धावपट्ट्याही परिषदच सांभाळते. इथे आपल्याकडच्या ‘उडान’ योजनेची आठवण येणं साहजिक आहे. २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला–दिल्ली उड्डाणाबरोबरच नांदेड–हैदराबाद आणि कडप्पा–हैदराबाद हे मार्ग सुरू झाले. सुमारे तासाभराच्या प्रवासाला निम्म्या जागांसाठी अडीच हजार रुपयांची मर्यादा आणि कंपनीची तूट सरकारकडून, अशी ती रचना. पण मदतीची मुदत तीन वर्षांची ठेवली गेली आणि मुदत संपल्यावर बरेच मार्ग बंद पडले. ऑर्कनीत मात्र १९६७ नंतर सेवा पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली, म्हणून लोकांनी नोकरी, शाळा, उपचार यांची गणितं तिच्याभोवती मांडली. तीन वर्षांसाठी आलेल्या विमानाच्या भरवशावर कुणी घर बदलत नाही, हे धोरण आखणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवं.

आता या मार्गाकडे विमान अभियंत्यांचं लक्ष वळलं आहे. विजेवर चालणाऱ्या विमानाची मोठी अडचण बॅटरीच्या वजनाची. जितकं लांब जायचं तितकी ती जड. म्हणून जगातली सर्वांत आखूड उड्डाणं प्रयोगाला सर्वांत सोयीची. २०१९ मध्ये क्रॅनफिल्डच्या अभियंत्यांनी आयलँडरला विद्युत इंजिनं बसवायचा प्रकल्प हाती घेतला आणि त्याला नाव दिलं प्रोजेक्ट फ्रेसन. पुढे बॅटरीऐवजी हायड्रोजनवर चालणाऱ्या इंधनघटाकडे त्यांनी मोहरा वळवला. २०२१ च्या उन्हाळ्यात अँपेअर कंपनीच्या अर्धविद्युत विमानाने कर्कवॉल आणि विक यांच्यामध्ये, म्हणजे १९३३ च्या त्याच वाटेवर, चाचणी उड्डाणं केली. इंजिन कुठलंही बसवलं, तरी अट फ्रेसन यांच्या काळचीच आहे: पॅपेच्या पाचशे मीटरच्या पट्टीवरून, अटलांटिकच्या वाऱ्यात, भरल्या जागांनिशी आणि टपालाच्या पिशव्या घेऊन ते उठलं पाहिजे, आणि फेरी पूर्ण करून दुपारी पुन्हा निघालं पाहिजे.